एम४ कोसळल्यावर तो उभा राहीपर्यंत लिनक्सला झोपू कसं द्यायचं नाही?

कातळसडा

नमस्कार मंडळी. प्रश्न कर्नल ड्रायव्हरचा आहे, पण उगवलाय हापूसच्या बागेत, म्हणून इथेच टाकतो.

राजापूरच्या बाजूला एका कलमांच्या बागेत हवामान मोजणारी पेटी बसवली आहे. आत एसटीएम३२एमपी१५७ चा बोर्ड. दोन कॉर्टेक्स-ए७ (मुख्य प्रोसेसर) वर लिनक्स ५.१५ आणि शेजारी एक कॉर्टेक्स-एम४ (लहान सहप्रोसेसर). पानावरचा ओलावा, तापमान, आर्द्रता हे सगळं एम४ रात्रभर मोजत राहतो. लिनक्स बहुतेक वेळ झोपलेला असतो. गजर झाला की उठतो, एम४कडचे आकडे घेतो, मोडेमवरून पाठवतो आणि परत झोपतो. वीज सोलर पॅनल आणि बॅटरीवर. आठवडाभर मळभ असलं की लिनक्स जागा ठेवणं परवडतच नाही.

अडचण अशी, की लिनक्स आकडे मागायला लागला की एखाद्या वेळी एम४चं फर्मवेअर अडकतं. मग त्याचा वॉचडॉग लिनक्सला इंटरप्ट देतो आणि लॉगमध्ये "क्रॅश डिटेक्टेड इन एम४: टाइप वॉचडॉग" ही ओळ येते. तिच्यामागोमाग "हँडलिंग क्रॅश" आणि "रिकव्हरिंग एम४" यायला हवं. त्याऐवजी येतं "पीएम: सस्पेंड एंट्री". लिनक्स झोपला! पुढचा गजर पहाटेचा. पहाटे उठल्यावर राहिलेल्या ओळी जिथे थांबल्या तिथून पुढे सुरू होतात, एम४ उभाही राहतो, पण रात्र हातची गेलेली असते. मोहोराच्या दिवसांत रात्रीचा ओलावा हाच कामाचा आकडा. भुरी आणि करप्याची फवारणी त्यावरून ठरते.

५.१५ चा सोर्स वाचला. सहप्रोसेसर सांभाळणारा कर्नलचा भाग म्हणजे रिमोटप्रॉक, थोडक्यात आरप्रॉक. त्याच्या आरप्रॉक_रिपोर्ट_क्रॅश() मध्ये 'जागा राहा' सांगणारं पीएम_स्टे_अवेक() ढळढळीत लिहिलंय. मग हा झोपतो कसा?

माझं मत असं की कोसळल्याचं ज्याला सगळ्यांत आधी कळतं त्यानेच झोप अडवायची, म्हणजे ड्रायव्हरने. हे काम स्क्रिप्टवर सोडू नये. तूर्त मी एक लहान मॉड्यूल लिहून पीएम नोटिफायर (झोपायच्या आधी कर्नल ज्याला विचारतो तो) लावलाय. एम४ची अवस्था 'क्रॅश्ड' असेल तर तो झोपायला नकार देतो. हे बरोबर आहे, की नुसतं ठिगळ आहे?

देवगडचो_बागायतदार

माका येक सांग. तो एम४ मरता तेव्हा लिनक्साक कळता कसा? आणि कळल्यार तो झोपता कित्याक?

सुरंगी

@देवगडचो_बागायतदार, काका, असं समजा की एम४ हा बागेतला राखण्या आणि लिनक्स हा मालक. राखण्याने ठरलेल्या वेळी हाक द्यायची. हाक आली नाही की घंटा वाजते, तो वॉचडॉग. घंटा ऐकून मालक वहीत "राखण्या पडला" एवढं लिहितो आणि त्याला उठवायचं काम उद्याच्या यादीत टाकतो. उठवायला जायच्या आधीच मालकाचा डोळा लागला, तर राखण्या सकाळपर्यंत तसाच.

आता कोडच्या भाषेत. आरप्रॉक_रिपोर्ट_क्रॅश() इंटरप्टमधूनही बोलावता येतं, त्यामुळे ते स्वतः जड काम करत नाही. नोंद छापतं आणि काम वर्कक्यूवर (नंतर करायच्या कामांच्या रांगेत) टाकतं. खरी रिकव्हरी नंतर वर्करमध्ये होते: सहप्रोसेसर थांबवणं, मागितला असेल तर कोअरडम्प (कोसळल्या वेळच्या मेमरीची प्रत) घेणं, फर्मवेअरची फाइल पुन्हा मागवणं, प्रोसेसर सुरू करणं. "क्रॅश डिटेक्टेड" आणि "हँडलिंग क्रॅश" या दोन ओळींमधली जी फट आहे, तिथेच कातळसडा यांची रात्र जातेय.

मिऱ्याबंदर

कातळसडा, पहिली शंका. पीएम_स्टे_अवेक() तिथे आहे, पण ते तुमच्या बोर्डावर काहीच करत नसणार.

ते फंक्शन डिव्हाइसचा वेकअप सोर्स (हे डिव्हाइस यंत्रणेला जागं ठेवतंय याची कर्नलमधली नोंद) शोधतं. डिव्हाइसला वेकअप सोर्स जोडलेलाच नसेल तर गुपचूप परत येतं. चूक नाही, इशारा नाही. वेकअप सोर्स जोडायचं काम ड्रायव्हरचं, डिव्हाइस_इनिट_वेकअप() बोलावून. क्वालकॉमचे आरप्रॉक ड्रायव्हर ते प्रोबमध्येच (ड्रायव्हर डिव्हाइसला जोडला जातानाच) करतात. झोप अडवण्याचा हा पॅच कर्नल ५.१० मध्ये आला तोही त्याच बाजूने आलेला होता. एसटी या तुमच्या चिपच्या कंपनीच्या ड्रायव्हरमध्ये मात्र अट आहे: डिव्हाइस ट्रीमध्ये (बोर्डावरच्या हार्डवेअरच्या वर्णनात) एम४च्या नोडवर 'वेकअप-सोर्स' लिहिलेलं असेल तरच.

तपासायला दोन जागा आहेत. एम४च्या प्लॅटफॉर्म डिव्हाइसच्या फोल्डरमध्ये पॉवर/वेकअप ही फाइल बघा. ती फाइलच नसेल तर वेकअपची क्षमताच दिलेली नाही, 'डिसेबल्ड' असेल तर दिलीय पण बंद आहे. दुसरी जागा डीबग-एफएसमधली (कर्नलच्या तपासणीच्या फाइलींमधली) वेकअप_सोर्सेस. त्या तक्त्यात एम४चं नाव दिसतंय का?

रापण

व्हय म्हाराजा! ५.१५ वाल्यांनो, आधी डिव्हाइस ट्री बघा, मग कर्नलला शिव्या द्या.

कातळसडा

@मिऱ्याबंदर, पॉवर/वेकअप ही फाइलच नव्हती. तक्त्यातही एम४चा पत्ता नाही. नोडवर वेकअप-सोर्स घातलं, बूट केलं. आता फाइलीत 'एनेबल्ड' आहे आणि तक्त्यात नावही आलं. डीबग-एफएसच्या रिमोटप्रॉक/रिमोटप्रॉक०/क्रॅश मध्ये १ लिहून मुद्दाम कोसळवलं तर ॲक्टिव्ह_काउंट वाढतो.

पण तरीही झोपतो! क्रॅश आणि झोप एकामागोमाग दिली की सस्पेंड एंट्री येतेच.

पन्हळ

मला हा सगळा उपद्व्याप ड्रायव्हरमध्ये करणंच पटत नाही. कधी झोपायचं हे कोण ठरवतंय? तुमची स्क्रिप्ट. मग स्क्रिप्टनेच झोपण्याआधी रिमोटप्रॉकची स्टेट फाइल वाचावी. 'रनिंग' असेल तर झोपा, नाहीतर थांबा. दोन ओळींचं काम आहे. कर्नलमध्ये जितकं कमी तितकं बरं.

सुरंगी

@पन्हळ, तुम्ही फाइल वाचली, 'रनिंग' होतं. पुढच्या क्षणी वॉचडॉग वाजला. त्याच्या पुढच्या क्षणी तुम्ही 'मेम' (झोपवायची आज्ञा) लिहिलं. झोपलात. शिवाय ही अवस्था 'क्रॅश्ड' करतो तो वर्कर, रिपोर्ट करणारा नाही. म्हणजे घंटा वाजून गेल्यावरही काही काळ फाइल 'रनिंग'च सांगते. कातळसडांचा लॉग पुन्हा बघा, त्यांचा वर्कर झोपेच्या आधी सुरूच झालेला नाही. स्टेट वाचून हे कधीच पकडता येणार नाही.

याच कारणाने कातळसडांचा नोटिफायरही आंधळा ठरतो. तोही 'क्रॅश्ड'च शोधतोय ना?

कातळसडा

हो, तोच शोधतोय. म्हणूनच तो कधी अडवतो, कधी नाही. आता उलगडलं.

वेंगुर्ला_बंदर

जरा विषयांतर करतो. आम्ही ट्रॉलरवर अशाच पेट्या बसवतो, आत सहप्रोसेसर इंजिनाचं तापमान आणि डिझेल बघतो. आमच्याकडे फर्मवेअर बदलायचं म्हणजे १ जून ते ३१ जुलैची मासेमारी बंदी. त्याच दोन महिन्यांत होड्या वर ओढलेल्या असतात. ऑगस्टमध्ये नौका पाण्यात गेली की पेटीला हात लावता येत नाही. त्यामुळे "पुढच्या अपडेटमध्ये बघू" हे आमच्याकडे चालत नाही.

आणि सांगतो, एम४ अडकण्याचं मूळ निम्म्या वेळा खारी हवा असते. कनेक्टरच्या पिनांवर हिरवट बुरशीसारखा थर चढतो, सेन्सरची तार मध्येच गप्प होते, फर्मवेअर उत्तराची वाट बघत बसतं. कातळसडा, तुमची बाग समुद्रापासून किती लांब आहे?

कातळसडा

सड्यावर आहे, पण पश्चिमेचा वारा थेट लागतो. पिना बघतो. तरी फर्मवेअरमध्ये वाट बघायला मर्यादा घालणं आणि कोसळल्यावर नीट सावरणं, दोन्ही हवंच.

मिऱ्याबंदर

मूळ मुद्द्याकडे येतो. कातळसडा, तुम्ही झोपवता कशाने? स्क्रिप्टमधली नेमकी ओळ द्या.

कातळसडा

आरटीसीवेक. पुढचा गजर आणि 'मेम' मोड, एकाच ओळीत.

मिऱ्याबंदर

सापडलं.

आरटीसीवेक गजर लावून थेट पॉवर/स्टेट मध्ये लिहितो. त्या वाटेने गेलात तर कर्नल वेकअप सोर्स जागा आहे की नाही हे बघतच नाही. पीएम_वेकअप_पेंडिंग() उघडून वाचा. घटनांची तुलना 'इव्हेंट्स_चेक_एनेबल्ड' खरं असेल तरच होते, आणि ते खरं होतं वेकअप_काउंट मध्ये कुणीतरी आकडा लिहिला तरच. म्हणजे ड्रायव्हरने कितीही जीव तोडून "जागा राहा" म्हटलं, तरी झोपवणाऱ्याने आधी विचारलंच नाही तर ते वाया जातं.

बरोबर क्रम असा. आधी पॉवर/वेकअप_काउंट वाचायचा. वाचताना एखादा वेकअप सोर्स चालू असेल तर तो वाचनच अडवून धरतो, म्हणजे रिकव्हरी संपेपर्यंत स्क्रिप्ट आपोआप थांबते. मग तोच आकडा परत त्याच फाइलीत लिहायचा. मधल्या काळात काही घडलं असेल तर लिहिणं अयशस्वी होतं, तेव्हा पुन्हा पहिल्यापासून. लिहिणं जमलं तरच 'मेम'. त्यानंतरही, झोपेच्या वाटेवर असताना वॉचडॉग वाजला, तर कर्नल तिथून मागे फिरतो. आरटीसीवेकला 'नो' मोड द्या, म्हणजे तो फक्त गजर लावेल आणि झोपवायचं काम तुमच्या स्क्रिप्टकडे राहील.

सुरंगी

या पद्धतीला इतिहास आहे. अँड्रॉइडवाले वेकलॉक (झोप अडवणारं कुलूप) घेऊन आले तेव्हा कर्नलच्या मेलिंग-यादीत २००९-१० मध्ये महिनोन्‌महिने वाद चालला. त्यातून राफाएल वायसॉकी यांनी वेकअप_काउंटची वाट काढली, ती २०१० मध्ये २.६.३६ ला आली. पुढे २०१२ मध्ये ३.५ ला ऑटोस्लीप (कर्नलने आपणहून झोपणं) आलं आणि युजरस्पेसला वेकलॉक घ्यायची सोय झाली. ऑटोस्लीप हा आकडा स्वतःच तपासतं, त्यामुळे फोनवर पीएम_स्टे_अवेक() नुसतं लिहिलं तरी काम होतं. बागेतल्या पेटीवर आपण स्वतः झोपवतो, म्हणून तपासायची जबाबदारीही आपली.

@पन्हळ, तेव्हा तुम्ही अर्धे बरोबर होतात. स्क्रिप्टला काम आहेच. फक्त तिने एम४ला काही विचारायचं नाही, कर्नलला विचारायचं.

पन्हळ

हे मान्य. पण मग मला दुसरं कळत नाही. वर्कक्यू फ्रीझेबल (यंत्रणा झोपताना थांबणारी) कशाला केलीय? ती फ्रीझ होते म्हणूनच काम पहाटेपर्यंत लांबतं ना? साधी वर्कक्यू ठेवा, झोपता झोपताच रिकव्हरी उरकेल.

मिऱ्याबंदर

@पन्हळ, आधी साधीच होती. २०२१ मध्ये ॲलेक्स एल्डर यांनी ती फ्रीझेबल केली, आणि त्यामागचं कारण मुळातून समजून घेण्यासारखं आहे. यंत्रणा जागी व्हायला नुकती सुरुवात झालेली असताना मोडेम कोसळला. मोडेम कोसळल्याची सूचना त्याच्यावर अवलंबून असलेल्या नेटवर्कच्या ड्रायव्हरला गेली, पण तो ड्रायव्हर तेव्हा अजून सस्पेंड अवस्थेतच होता. झोपलेल्या हार्डवेअरला हात लावला की काय होतं ते इथे सगळ्यांना माहीत आहे. फ्रीझेबल वर्कक्यूमुळे सूचना मिळते तेव्हा शेजारचे ड्रायव्हर पूर्ण जागे असतात.

म्हणजे दोन वेगळ्या गरजा आहेत. वर्कक्यू शेजाऱ्यांना सांभाळते, वेकअप सोर्स रिकव्हरीचा वेळ सांभाळतो. एक काढून दुसऱ्यावर भागत नाही.

आणि एक बारकी गोष्ट. वर्कर आधीच चालू झालेला असेल, तर फ्रीझेबल वर्कक्यू तो पूर्ण व्हायची वाट बघते. ही वाट मूळ सेटिंगमध्ये २० सेकंदांची आहे, पॉवर/पीएम_फ्रीझ_टाइमआउट मध्ये २०००० मिलिसेकंद दिसतील. तेवढ्यात संपलं नाही तर झोपेचा प्रयत्नच रद्द होतो. कोअरडम्प 'इनलाइन' ठेवला असेल आणि तो वाचणारा प्रोग्रॅम फ्रीझ झाला असेल, तर हे घडू शकतं. बागेत कोअरडम्प बंदच ठेवा. मूळ सेटिंगही बंदचंच आहे.

तारकर्ली२

तुम्ही सगळे लोक लिनक्सला जागं ठेवायच्या मागे. मला काळजी बॅटरीची. समजा फर्मवेअरच बिघडलं आणि एम४ उभा राहिला की लगेच पडतोय. पडला की जागे राहा, उठवा, पडला की जागे राहा, उठवा. आषाढात ऊन नाही, बॅटरी सकाळपर्यंत संपते, मग लिनक्सही गेला आणि एम४ही. दुसरं असं की वेकअप-सोर्स लिहिल्याबरोबर एसटीचा ड्रायव्हर वॉचडॉगचा इंटरप्ट वेक इंटरप्ट करून ठेवतो. म्हणजे आता लिनक्स गाढ झोपेत असतानाही एम४ पडला की अख्खी यंत्रणा उठणार.

कातळसडा

@तारकर्ली२, दुसरं मला हवंच आहे. रात्री एक वाजता एम४ पडला तर एकलाच उठवलेला बरा. रिकव्हरीला लागतात थोडे क्षण, आणि वाचते ती अख्खी रात्र. पण सतत पडत राहण्याची भीती खरी आहे. त्याला काय करावं?

सुरंगी

सिस-एफएसमध्ये रिमोटप्रॉक०/रिकव्हरी आहे. त्यात 'डिसेबल्ड' लिहिलं की कर्नल क्रॅशची नोंद करतो पण उठवत नाही. एक छोटी सेवा लिहा: थोड्या वेळात ठरावीक वेळा पडला की रिकव्हरी बंद करायची, सर्व्हरला कळवायचं आणि झोपायचं. किती वेळा पडला की हात टेकायचे, हे धोरण झालं. ते युजरस्पेसमध्येच शोभतं. कोसळल्या क्षणी झोप अडवणं ही यंत्रणा झाली, ती ड्रायव्हरमध्ये.

मिऱ्याबंदर

याला जोडून, स्वतःचा ड्रायव्हर लिहिणाऱ्यांसाठी. एका व्हेंडरच्या कर्नल सोर्समधला ड्रायव्हर हाताखालून गेला. पेटी रिकव्हरीनंतर झोपेचना. वेकअप_सोर्सेस मध्ये ॲक्टिव्ह_सिन्स चा आकडा नुसता वाढत चाललेला. त्यांच्या वर्करमध्ये "आधीच थांबवलेला आहे, परत जा" अशी एक वाट होती आणि तिच्यावर पीएम_रिलॅक्स() नव्हतं. वर्करमधून बाहेर पडायची प्रत्येक वाट रिलॅक्सवरूनच गेली पाहिजे: रिकव्हरी बंद असली तरी, फर्मवेअर सापडलं नाही तरी, सुरू करताना चूक आली तरी.

क्रमही तितकाच महत्त्वाचा. आधी स्टे_अवेक, मग काम वर्कक्यूवर. उलटं केलंत तर दुसऱ्या कोअरवरचा वर्कर काम उरकून रिलॅक्स करून मोकळा होतो, आणि त्यानंतर तुमचं स्टे_अवेक लागतं. ते सोडायला मग कुणीच उरत नाही. आणि ही मोजणी नव्हे. तीनदा स्टे_अवेक केलं तरी एक रिलॅक्स पुरतं. दोन सहप्रोसेसर असतील तर दोघांना वेगवेगळे वेकअप सोर्स द्या, नाहीतर पहिला सावरला की दुसऱ्याची राखण उठेल.

आंबोळी

लॉक_सिस्टम_स्लीप() बद्दल कुणी बोललं नाही? त्याने तर झोप सरळ बंदच होते, वेकअप_काउंटची कटकट नाही.

सुरंगी

@आंबोळी, तो म्युटेक्स (मोकळा होईपर्यंत थांबायला लावणारं कुलूप) आहे. वॉचडॉगच्या इंटरप्टमध्ये म्युटेक्स घेता येत नाही. वर्करमध्ये घेता येईल, पण फट तर वर्कर सुरू व्हायच्या आधीचीच आहे. पीएम_स्टे_अवेक() इंटरप्टमधून चालतं, म्हणून ते तिथे बसवलंय.

देवगडचो_बागायतदार

समाजला तेवढा समाजला. मालकान निजायच्या आधी घंटा वाजली काय ता इचारूचा, आणि राखण्याक उठवून झाल्यार घंटेवरचो हात काढूचो.

रापण

काकांना आरप्रॉकचे मेंटेनर करा.

पन्हळ

मग शेवटी नोटिफायरचं काय? मूळ प्रश्न तोच होता.

मिऱ्याबंदर

माझ्या मते काढून टाका. नोटिफायर सस्पेंडच्या सुरुवातीला, टास्क फ्रीझ व्हायच्या आधी एकदाच विचारला जातो. त्यानंतर एम४ पडला तर त्याला पत्ता नाही. वेकअप सोर्स मात्र फ्रीझ होताना, डिव्हाइस झोपताना आणि अगदी शेवटी प्रोसेसर झोपायच्या आधीही बघितला जातो. नोटिफायरचा एकच फायदा, थेट 'मेम' लिहिणाऱ्यालाही तो अडवतो. तुमच्या पेटीवर झोपवणारी स्क्रिप्ट एकच आहे आणि ती तुमच्या हातात आहे. जिथे दहा जण दहा वाटांनी झोपवतात तिथे नोटिफायर ठेवायला माझी हरकत नाही. पण त्याने 'क्रॅश्ड' बघू नये. वॉचडॉग वाजल्याबरोबर ड्रायव्हरने स्वतःचा एक झेंडा लावावा आणि नोटिफायरने तो बघावा.

कातळसडा

मॉड्यूल काढलं. डिव्हाइस ट्रीत वेकअप-सोर्स, स्क्रिप्टमध्ये आरटीसीवेक 'नो' मोडमध्ये, मग वेकअप_काउंट वाचणं, परत लिहिणं, जमलं तरच 'मेम'. घरच्या बोर्डावर डीबग-एफएसमधून क्रॅश आणि लगेच स्क्रिप्ट, असं संध्याकाळभर चालवलं. लॉगमध्ये आता दर वेळी हाच क्रम येतोय: क्रॅश डिटेक्टेड, हँडलिंग क्रॅश, रिकव्हरिंग एम४, स्टॉप्ड रिमोट प्रोसेसर एम४, रिमोट प्रोसेसर एम४ इज नाऊ अप, आणि त्यानंतर सस्पेंड एंट्री. गाढ झोपेत असताना एम४चं फर्मवेअर मुद्दाम अडकवलं, तेव्हाही यंत्रणा उठली, त्याला उभं केलं आणि परत झोपली.

तारकर्लीकर, वारंवार पडण्यावरची सेवा या आठवड्यात लिहितो. मग रविवारी बागेतल्या पेटीवर चढवतो आणि पिनाही साफ करून येतो. वेंगुर्लेकर, तुम्ही कनेक्टरला काय लावता ते सांगा.

वेंगुर्ला_बंदर

सिलिकॉन ग्रीस, आणि वायर पेटीत खालून घ्यायची, वरून नाही. वरून घेतलीत तर पावसाचं पाणी तारेवरून ओघळत थेट आत.

देवगडचो_बागायतदार

माझ्या बागेत पेटी बसवक कधी येतंस?

कातळसडा

काका, दिवाळी झाली की येतो, मोहोर फुटायच्या आत. मोबाइलची रेंज कुठल्या कलमाखाली मिळते तेवढं तोवर बघून ठेवा.